तुतीचा हंगाम संपेपर्यंत

२६ फेब्रुवारी

हवा: गार, ढगाळ, वारा नाही. आकडा: नसल्यासारखाच. डोळे: लाल.

डॉक्टरांनी त्याला बजावलंय की रोज लिहून ठेवा, हवा कशी होती आणि डोळे कसे होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच त्याने ते काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणाला, "तूच लिही. हवा तुझ्याकडेच असते." तेव्हा वरची ओळ डॉक्टरांसाठी, ती मी वेगळ्या कागदावर उतरवून नेईन. खालचं माझं मला.

हवा माझ्याकडे असते हे मात्र खरं. झाडांचे परागकण हवेत किती आहेत ते मोजायचं, हीच माझी नोकरी. कार्यालयाच्या गच्चीवर एक सापळा आहे. माणूस जेवढी हवा आत ओढतो साधारण तेवढीच तो ओढतो आणि आत येईल ते चिकट पट्टीवर बसतं. सकाळी मी पट्टी काढते, काचेवर लावते, वर गुलाबी रंगाचा थेंब सोडते आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून मोजत बसते. मग रेडिओला कळवते: शून्य, अल्प, मध्यम, जास्त की अति. रेडिओवर ते वाचून कोण दाखवतं, तर आमचाच माणूस, माझा नवरा. सकाळच्या बातम्यांचा निवेदक. लोकांना वाटतं केवढी जोडी जमली आहे, आणि जमलीच आहे.

ओळखही त्यातूनच. लग्नाआधी तो माझी मुलाखत घ्यायला आला होता, तुतीच्या ऐन हंगामात. प्रत्येक प्रश्नाआधी एक शिंक. शेवटी मीच प्रश्न विचारले आणि मीच उत्तरं दिली. जाताना त्याला सांगितलं, ऊन चढलं की खिडक्या लावून बसत जा. तेव्हापासून त्याच्या खिडक्या मीच लावते आहे.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधीच डोळे लाल. हे काही मला उमगत नाही. तुतीच्या कळ्या अजून मिटलेल्या आहेत.

४ मार्च

हवा: कोरडी, उबदार, हलका वारा. आकडा: जास्त. डोळे: स्वच्छ.

आज तुती सुटली. कार्यालयासमोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना तुतीच आहे. फळं पडून पदपथ जांभळा होऊ नये म्हणून नगरपालिकेने झाडून सगळी नर झाडं लावली. पदपथ स्वच्छ राहिला आणि गावाच्या नाकाला धार लागली. तुतीच्या फुलातले केसर आत वाकवून दाबलेले असतात. हवा दमट आहे तोवर गुपचूप बसतात. ऊन पडलं, हवा सुकली, की ताणलेली दोरी सुटावी तसे ताडकन सरळ होतात आणि पराग उडवून देतात. उन्हात झाडाकडे निरखून पाहिलं तर बारीक धूर उठताना दिसतो.

असा दिवस म्हणजे त्याचा हमखास वाईट दिवस. मी रुमाल, थेंब, गोळी सगळं पिशवीत घालून दिलं होतं. तो रेडिओच्या मंडळींबरोबर सबंध दिवस बाहेर होता, उघड्या मैदानात कसलंसं ध्वनिमुद्रण होतं. संध्याकाळी आला तो शीळ घालत. डोळे आरशासारखे. जिन्यात शीळ ऐकू आली, मी दार उघडलं तशी थांबली. गोळी लागू पडली म्हणायची.

९ मार्च

हवा: दिवसभर रिपरिप. आकडा: अल्प. डोळे: फार लाल, पापण्या सुजलेल्या.

उलटी गंगा वाहते आहे. पावसात केसर उघडत नाहीत, जे उडाले ते धुऊन खाली येतात. शाळेतल्या पोरालाही कळेल की आज त्याला बरं वाटायला हवं. आज सुट्टी होती, सकाळी तेवढी काच मोजून आले, मग दोघं घरातच होतो. मी कपाट आवरत होते, तो बाथरूममध्ये नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धूत होता. मी दारावर टकटक केली तर म्हणाला, "काही नाही गं, हवेत काहीतरी आहे."

हवेत काही नाही हे मला पक्कं माहीत असताना असं म्हणणं म्हणजे माझ्या नोकरीवरच घाला. मी साबण बदलला. टॉवेल उकळले. उशांना नवे अभ्रे घातले.

झोपायच्या खोलीची खिडकी उघडावी असं त्याचं म्हणणं. "मला हवा हवी आहे," म्हणाला. या वाक्यावर आमच्याकडे एके काळी हसून मुरकुंडी वळायची. हवा हवी, नको ती हवा, हवी तेव्हा हवा. आज मी हसले, तो हसला नाही. मी समजावलं की पाऊस थांबून जरा ऊन आलं की झाडं दुप्पट जोराने सोडतात, आणि दिवस कलला, हवा गार झाली की वर गेलेलं सगळं खाली उतरतं. त्याने ऐकून घेतलं आणि खिडकी लावली. वाद घालत नाही, हा त्याचा मोठा गुण. पूर्वी घालायचा.

१३ मार्च

हवा: ऊन, वारा. आकडा: अति. डोळे: बरे.

चाचणीचा निकाल आला. डॉक्टरांनी त्याच्या हातावर टोचून टोचून तुतीपासून धुळीपर्यंत सगळं पाहिलं. तुतीच्या जागी साधी गांधीसुद्धा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, काही जणांची ॲलर्जी वयाबरोबर आपोआप जाते, यांची गेलेली दिसते, चांगलंच आहे की.

मी म्हटलं, तुमचा टोचायचा अर्क जुना असेल. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, मग डोळे कशाने लाल होतात? डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, तो आपल्या बुटांकडे बघत होता. मग मला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी सविस्तर सांगितलं. गालिचा काढून टाकला आहे, पडदे धुतले आहेत, मांजर कधीच नव्हतं, भिंतीला ओल नाही. डॉक्टर नुसतेच मान हलवत राहिले. इतकं नीटनेटकं घर त्यांच्या ऐकण्यात क्वचित येत असावं.

१७ मार्च

हवा: दुपारी वादळ, विजा, जोराचा पाऊस. आकडा: मध्यम, पण आकड्यावर जाऊ नये. डोळे: लाल.

सापडलं. इतके दिवस डोळ्यासमोर होतं आणि दिसलं नाही. वादळात ओला झालेला परागकण फुगतो आणि फुटतो. त्याचा इतका बारीक भुगा होतो की सापळ्याच्या पट्टीवर तो मोजताच येत नाही. काचेवर नुसती रिकामी टरफलं दिसतात. म्हणजे आकडा कमी आणि त्रास जास्त. पावसाच्याच दिवशी त्याचे डोळे का लाल होतात याचं उत्तर हेच. रिपरिप पावसात असं होत नाही, हे मला माहीत आहे. पण काही माणसांची प्रकृतीच नाजूक असते.

घरी येऊन चप्पलसुद्धा काढली नाही, आधी त्याला सगळं सांगितलं. कण कसा फुगतो, कसा फुटतो, आतला ऐवज कसा पसरतो. मी हातवारे करून सांगत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. डोळे काठोकाठ भरले होते. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "किती करतेस तू माझ्यासाठी."

त्याला पटलं. फार दिवसांनी मला इतकं बरं वाटलं.

२१ मार्च

हवा: कोरडी. आकडा: जास्त. डोळे: लाल.

उपाय मीच काढला. समुद्र. तिकडे दिवसभर वारा पाण्यावरून जमिनीकडे येतो, आणि पाण्यावर काही तुती उगवत नाही. त्यांच्या रेडिओचं एक केंद्र किनाऱ्यावर आहे. मी म्हटलं, तिकडे जा ना महिना-दीड महिना, हंगाम संपेपर्यंत.

त्याने हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाला, "तू म्हणतेस म्हणून जाऊ?"

म्हटलं, मीच तर म्हणते आहे.

"आणि नंतर?"

नंतर काय, ये परत. आकडा शून्य झाला की मी कळवीन. यावर तो गॅलरीच्या काचेपाशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं खूश होईल. माणसाला स्वतःचं घर सोडणं जड जातंच.

२४ मार्च

किनाऱ्याचा हुकूम आलासुद्धा. तीन दिवसांत. आमच्या कार्यालयातला हवामानवाला, जो वाऱ्याचे नकाशे काढतो आणि उरलेल्या वेळात माझी फिरकी घेतो, त्याने ऐकून हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "मॅडम, मला टेबल बदलून मिळायला सहा महिने लागले. बदली तीन दिवसांत होत नाही." मी म्हटलं, माणसाच्या कामाची किंमत असते, तुझ्या टेबलाला कोण विचारतो. एरवी याने एकाला चार उत्तरं दिली असती. आज नकाशात डोकं घालून बसला.

२८ मार्च

हवा: ऊन, वारा. आकडा: अति. डोळे: विचारू नका.

गेला. सामान बांधताना मी थेंबांच्या बाटल्या, गोळ्या, रुमाल एका डब्यात नीट लावून दिले. त्याने जाड स्वेटर घेतले, वडिलांचा फोटो घेतला, पुस्तकांची दोन खोकी घेतली. म्हटलं, महिन्याभरासाठी एवढं? म्हणाला, संध्याकाळी तिकडे गार असतं. फोटोला गार लागतं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण निघताना चेष्टा नको म्हणून गिळलं.

स्टेशनबाहेर तुतीची रांगच आहे. फलाटावर त्याच्या डोळ्यांना नुसती धार लागली होती. मी म्हटलं, थेंब घाल. त्याने मान हलवली. गाडी सुटेपर्यंत त्याने माझा हात धरून ठेवला होता, चारचौघांत, जे तो कधी करत नाही. मला ॲलर्जी नाही, इतक्या वर्षांत एक शिंक आली नाही. तरी परत येताना वाट नीट दिसेना.

३ एप्रिल

डोळे: फोनवर विचारलं, बरे आहेत म्हणतो.

घर फार शांत आहे. सकाळी रेडिओवर आता एक तरुण मुलगी माझा आकडा वाचते. 'परागकण' हा शब्द ती घाईघाईने संपवते. तो त्या शब्दापाशी किंचित थांबायचा. आमची ती खूण होती, मी मायक्रोस्कोपपाशी बसून ऐकत असायची.

नणंद आल्या होत्या. ताई म्हणते मी त्यांना, त्याच्याहून मोठ्या. कधी न सांगता यायच्या नाहीत. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "तुला त्याने काही सांगितलं का?"

म्हटलं, रोज सांगतो, डोळे बरे आहेत.

त्यांनी कप खाली ठेवला, माझा हात हातात घेतला आणि रडायलाच लागल्या. नाक लाल, डोळे लाल. त्यांनाही या वयात सुरू झालेलं दिसतं. घराण्यातच असणार. मी त्यांना थेंब द्यायला म्हणून कपाट उघडलं, तर टॉवेलांच्या मागे मी त्याला दिलेला डबा होता. बाटल्यांची सीलसुद्धा तोडलेली नव्हती. यंदाच्याच नाही, शेजारी गेल्या वर्षीच्याही बाटल्या तशाच.

ताई गेल्यावर तो डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. 

११ एप्रिल

हवा: कोरडी, जमिनीवरून समुद्राकडे जोराचा वारा. आकडा: अति, यंदाचा सर्वांत मोठा.

हवामानवाल्याने सकाळी नकाशा दाखवला. वारा फिरला आहे. आमच्या तुतीचा सगळा पराग उचलून उंचावरून थेट किनाऱ्यावर नेऊन ओतणार. असं फार क्वचित होतं. मी त्याला किनाऱ्यावर फोन केला, उचलला नाही. निरोप पाठवला, खिडक्या लाव, बाहेर पडू नकोस. पुन्हा फोन केला. मग मोबाइलवर त्यांचं केंद्र लावलं आणि त्याच्या दुपारच्या बातम्यांची वाट बघत बसले. जीव मुठीत धरून.

आवाज आला. आवाज इतका स्वच्छ होता की मला आधी ओळखूच येईना. नाक मोकळं, घसा मोकळा. मध्ये एका बातमीत काही गंमत होती, तेव्हा तो हसला. मुलाखतीला आला होता तेव्हा, दोन शिंकांच्या मधे, असा हसला होता.

तिथल्या हवेत आज आमच्या इथल्याइतकेच परागकण होते. नकाशा चुकत नाही. मी आनंदाने नाचायला हवं होतं. माझ्या माणसाचा त्रास गेला. मी मोबाइल बंद केला आणि गच्चीवर जाऊन सापळ्याला पाठ टेकून बसले. माझी फिरकी घेणारा हवामानवाला मागोमाग वर आला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली गेला.

हंगाम आहे तोवर तो हंगामासाठी गेला आहे. असं मी स्वतःला सांगितलं. बोलून बघितलं तेव्हा ते खरंही वाटलं.

१९ एप्रिल

हवा: दमट. आकडा: अल्प.

तुतीचे तुरे गळून पदपथावर सुरवंटांसारखे पडले आहेत. झाडांवर पानं आली आहेत. संध्याकाळी त्याचा फोन आला. आता तो रोज करत नाही. मी सांगितलं, संपत आलं बरं का.

"एवढ्यात?" तो म्हणाला. आणि आवाज पुन्हा बसला, नाक भरल्यासारखा.

शून्य आला की कळवते, म्हटलं मी. तो हो म्हणाला.

२३ एप्रिल

हवा: काल धो धो पाऊस. आकडा: अल्प.

हे खोटं आहे. काच रिकामी होती. पट्टीचा कोपरा न् कोपरा पाहिला, काच उलट फिरवून पाहिली. धूळ होती, कुठल्याशा बुरशीची बीजं होती, माशीचा एक पाय होता. तुतीचा एक कण नव्हता. मी 'अल्प' लिहिलं आणि रेडिओला कळवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक कण वाढवला नव्हता की कमी केला नव्हता.

शून्य लिहिलं की त्याला कळवावं लागेल. कळवलं की त्याला उत्तर द्यावं लागेल. मला ते उत्तर नको आहे.

२७ एप्रिल

आकडा: अल्प.

हवामानवाल्याने आज काच स्वतः पाहिली. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि अगदी हळू विचारलं की मॅडम, अल्प कुठून आलं. मी म्हटलं, वाऱ्याने आलं असेल लांबून. तो म्हणाला, वारा आठवडाभर पडलेला आहे. नकाशा मी काढतो.

मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, "अजून थोडे दिवस." तो उठला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला.

३० एप्रिल

आकडा: अल्प लिहिलेला होता, खोडला.

दुपारी कार्यालयात एका बाईंचा फोन आला. त्यांची लहान मुलगी तुतीच्या परागाने गुदमरते, म्हणून महिनाभर तिला घरात ठेवली आहे. खिडक्या लावलेल्या. बाई म्हणाल्या, "तुमचा आकडा शून्य झाला की सोडीन असं तिला कबूल केलंय हो. रोज रेडिओपाशी येऊन बसते. अजून किती दिवस, मॅडम?" मागे ती मुलगी काहीतरी गुणगुणत होती.

म्हटलं, उद्या. उद्यापासून सोडा.

घरी आले तेव्हा उजेड होता. मी त्याला फोन केला. नमस्कार-चमत्कार नाही, सरळ म्हटलं, शून्य आला.

तो म्हणाला, "तुतीला पानं येऊन तर बरेच दिवस झाले असतील."

"हो."

"मी इथून रोज ऐकतो तुझा आकडा. अल्प का लिहीत होतीस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तू हवा होतास म्हणून."

त्याचा श्वास ऐकू येत होता, भरलेल्या नाकाचा. मग म्हणाला की मी आकड्यामुळे गेलो नव्हतो. अर्ज जानेवारीतच केला होता. तुला सांगायला रोज तोंड उघडायचो आणि तू थेंब घेऊन समोर उभी असायचीस. दुसरं कोणी नाही, असंही म्हणाला, मी विचारलं नसताना. तुझ्यात काही खोट नाही, म्हणाला. नुसता श्वास घ्यायचा होता, आणि तुझ्या घरात तेवढंच मला जमेना.

तुझ्या घरात, म्हणाला. आपल्या नाही.

मी विचारलं, ॲलर्जी कधी गेली. म्हणाला, चार-पाच वर्षं झाली असतील. मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तू त्या निमित्ताने जवळ येऊन बसायचीस." त्याने नाक ओढलं. मीच म्हटलं, रडू नकोस. तो सवयीने म्हणाला, "काही नाही गं, हवेत काहीतरी आहे."

म्हटलं, "नाही रे. मी मोजली आहे. काही नाही हवेत."

फोन कोणी आधी ठेवला ते आठवत नाही.

१ मे

सकाळी रेडिओला शून्य कळवला. निवेदिका मुलीने आज 'परागकण' हा शब्द नीट, सावकाश वाचला. हवामानवाल्याने तिला काही सांगितलं असेल तर मला माहीत नाही.

घरी येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. झोपायच्या खोलीची घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी ढकलावी लागली. पडदा आत उडाला. छान वारा होता. त्याला आवडला असता.

ही वही आता डॉक्टरांना दाखवायची नाही. तरी सवय म्हणून वरची ओळ आज खाली लिहिते.

हवा: स्वच्छ, कोरडी, मंद वारा. आकडा: शून्य. डोळे: लाल. पापण्या सुजलेल्या.